सोडून दिलेले छत्तीस तास

लिंक कधी मोठी करायची, हे ठरवायचं काम मी एकवीस वर्षं केलं. नाशिकच्या दूरउपचार केंद्रापासून तालुक्यांच्या रुग्णालयांपर्यंत दोनशे बारा लिंक जातात. प्रत्येक लिंकमधून किती माहिती वाहते हे दर पाच मिनिटांनी मोजलं जातं. महिन्याला साधारण साडेआठ हजार आकडे होतात. ते मोठ्याकडून लहानाकडे लावायचे, वरचे पाच टक्के सोडून द्यायचे आणि उरलेल्यातला सगळ्यात मोठा आकडा बघायचा. तो लिंकच्या क्षमतेच्या सत्तर टक्क्यांच्या आत असला तर लिंक पुरेशी. वर गेला तर वाढ मागायची.

वरचे पाच टक्के का सोडायचे, असं नवीन माणूस हमखास विचारतो. मी सांगायचो, गावात वर्षातून एकदा जत्रा भरते म्हणून कुणी जत्रेला पुरेल एवढा रस्ता बांधत नाही. हे उत्तर मला पटलेलं होतं. पण महिन्याचे पाच टक्के म्हणजे छत्तीस तास होतात, हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

माझ्या बायकोला, सुरेखाला, हे काम एकदा समजावून सांगितलं होतं. भाकरी थापता थापता तिने ऐकून घेतलं. "म्हणजे तुम्ही सरासरी दोन भाकरी खाता म्हणून मी दोघांचंच पीठ मळायचं, आणि पाहुणे आले की त्यांना सोडून द्यायचं," ती म्हणाली. मी म्हणालो, सरासरी वेगळी आणि हे वेगळं. ती म्हणाली, "उपाशी पाहुण्याला तो फरक सांगा."

आम्हाला मूल नव्हतं. घरात आम्ही दोघंच.

गेल्या सप्टेंबरात ती मोरखेड्याला माहेरी गेली. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. आई बरी झाली आणि हिला न्यूमोनिया झाला. दोन दिवसांत श्वास पुरेना. तिचा धाकटा भाऊ दिलीप, ट्रॅक्टरचे सुटे भाग विकतो, त्याने सकाळी दहाला फोन केला.

"दाजी, ताईला इथं तालुक्याला मशीनवर घेतो म्हणतात. गाडी बाहेर उभी आहे. नाशिकला घेऊन येऊ का? चार तासांत पोचतो."

"ऑक्सिजन किती आहे?"

"डॉक्टर म्हणतात, रस्त्यात जोखीम आहे, पण नेता येईल. तुम्ही सांगाल तसं."

मी कार्यालयातच होतो. समोरच्या पडद्यावर मोरखेड्याची लिंक उघडली. एकसष्ट टक्के. हिरवी.

"तिथंच ठेव," मी म्हणालो. "तिथल्या खाटेत आणि नाशिकच्या खाटेत काही फरक नाही. उपचार इथूनच होतो. ती लाइन मी स्वतः बघतो."

"मग झालं," दिलीप म्हणाला. त्याचा जीव भांड्यात पडल्यासारखा आवाज होता.

हे मी खोटं बोललो नव्हतो. प्रतिफुप्फुस आल्यापासून खरोखर फरक उरला नव्हता. रुग्णाला व्हेंटिलेटर लावला की त्याच्या प्रत्येक श्वासाची माहिती केंद्रात येते. फुप्फुस किती ताठ आहे, कुठला भाग मिटला आहे, कुठला उघडा आहे, यावरून केंद्रातले संगणक त्या माणसाच्या फुप्फुसाची एक प्रत तयार करतात. पुढचा श्वास आधी त्या प्रतीत शेकडो तऱ्हांनी घेऊन बघतात आणि त्यातला फुप्फुसाला सगळ्यात सोसेल असा खाटेजवळच्या यंत्राला कळवतात. हे सगळं सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात होतं. ज्या तालुक्यांत फुप्फुसांचा तज्ज्ञ कधी पाऊल ठेवणार नव्हता, तिथले मृत्यू निम्म्यावर आले.

खाटेजवळचं यंत्र स्वतः विचार करत नाही. केंद्राचा हुकूम येईल तसा दाब देतं. पुढचा हुकूम आला नाही तर आधीचाच चालू ठेवतं. साठ सेकंद काहीच आलं नाही तर भोंगा वाजवतं आणि स्वतःच सौम्य दाबावर येतं. भोंगा वाजेपर्यंत डॉक्टर-नर्सनी हात लावायचा नाही, असा नियम आहे. सुरुवातीला माणसं आणि संगणक एकाच वेळी दाब बदलायचे, त्यात दोघं दगावले होते. त्यावरून तो नियम झाला.

सुरेखा पाच दिवस त्या यंत्रावर होती. तब्येत सुधारत होती. सहाव्या दिवशी, गुरुवारी दुपारी दोन वाजून एकवीस मिनिटांनी तिचं उजवं फुप्फुस फाटलं. छातीत हवा भरली. तिथल्या डॉक्टर सविता पावरा यांनी सुई घालून हवा काढली, नळी घातली. पावणेतीनला ती गेली. मी तेव्हा मालेगावच्या पुढे होतो. दुसऱ्या दिवशी श्वासाची नळी काढतील, असं सकाळीच कळलं होतं, म्हणून भेटायला निघालो होतो.

केंद्राने समिती नेमली. केंद्रातल्या नोंदीत असं होतं: दोन वाजून वीस मिनिटं दहा सेकंदांनी प्रतिफुप्फुसाने दाब वाढवला. मिटलेला भाग उघडायला ते अधूनमधून चार सेकंद जास्त दाब देतं. चौदाव्या सेकंदाला दाब उतरवायचा हुकूम पाठवला. तरीही खाटेवर दाब चढलेलाच राहिला. आणि त्याच सुमारास यंत्र हाताने चालवल्याची एक खूण होती. हात कुणी लावला, तर डॉक्टर पावरा यांनी. त्यांनी ते नाकारलं नाही. "मी दाब कमी केला," एवढंच त्या म्हणाल्या. केंद्राच्या नोंदीत हात लावल्याची खूण उमटते, कमी केलं की जास्त हे उमटत नाही.

निष्कर्ष सरळ होता. नियम मोडला, दाब चढवला, रुग्ण गेला. त्यांना कामावरून दूर केलं आणि पुढची सुनावणी सहा आठवड्यांनी ठेवली. त्यात त्यांचं डॉक्टरपण जाणार होतं, आणि दिलीपने पोलिसांत अर्ज दिला होता, म्हणजे त्यानंतर तुरुंगही.

मला बरं वाटलं. हे लिहायला नको वाटतं, पण वाटलं. तेरा दिवस लोक येऊन बसत होते आणि प्रत्येकाला मी तेच सांगत होतो, डॉक्टरने हात लावला. ते सांगितलं की दिलीपचा तो सकाळचा फोन मला थोडा वेळ ऐकू यायचा नाही.

चौदाव्या दिवशी कामावर गेलो. घरी बसून करायचं काय. टेबलावर तिमाहीची यादी आली होती. दोनशे बारा ओळी, प्रत्येकीपुढे वाढ हवी किंवा नको, खाली माझी सही. मोरखेड्यापुढे होतं: एकसष्ट टक्के, वाढ नको.

सही करायला पेन उघडलं आणि सुरेखा ज्या तासात गेली त्या तासाचा आकडा बघावा असं मनात आलं. दुसरं काही मनात नव्हतं. तो मिळाला नाही. पाच-पाच मिनिटांचे आकडे आम्ही सात दिवस ठेवतो, मग पुसतो आणि महिन्याचा एक आकडा उरतो. हा नियम जागा वाचवायला मीच लिहिला होता.

मग चालू आठवड्यातले आकडे उघडले. सोमवारी दोन ते तीन, लिंक भरलेली. मंगळवारी दोन ते तीन, भरलेली. बुधवारीही. मोरखेड्याची लिंक चार रुग्णालयांत वाटलेली आहे, आणि जाण्यायेण्याची वाट एकच. चारही ठिकाणी बाह्यरुग्ण विभाग दोनला बंद होतो आणि दिवसभराचे एक्स-रे, सोनोग्राफी, स्कॅन एकदम केंद्राकडे निघतात. बाकीचे तेवीस तास लिंक निवांत.

रोजचा एक तास, महिन्याचे तीस. छत्तीस तासांच्या आत. तो तास जसाच्या तसा मी सोडून दिलेल्या ढिगात जात होता, दर महिन्याला, आणि मोजलेलं सगळं हिरवं दिसत होतं.

श्वासाच्या माहितीला आधी वाट मिळावी, अशी सोय होती. पण नंतर हृदयविभागाने तीच मागितली, प्रसूतीने मागितली, स्कॅनवाल्यांनी मागितली. सात जणांना पहिला नंबर दिला होता. देणारा मीच.

शेवटी तक्रारींचं पान उघडलं. मोरखेड्याहून सुनंदा वसावे नावाच्या सिस्टरची दोन महिन्यांत तीनदा एकच तक्रार होती: दुपारी दोननंतर मशीनला उत्तर उशिरा येतं. तिन्हींच्या खाली शेरा होता: महिन्याचा वापर एकसष्ट टक्के, मर्यादेत, तक्रार बंद. हेमंत बोरसे, म्हणजे मी. तिसरीवरची तारीख सुरेखाला दाखल केलं त्याच्या चार दिवस आधीची होती.

केंद्रातला पुरावा मी पुसलेला होता. खाटेजवळच्या यंत्राला मात्र स्वतःची आठवण असते, चाळीस दिवसांची. ती वाचायला जायचं मी ठरवलं तोवर सुरेखाला जाऊन चौतीस दिवस झाले होते. मधले वीस दिवस मी काय केलं असं कुणी विचारलं तर उत्तर आहे: रोज ते तक्रारींचं पान उघडलं आणि बंद केलं.

पस्तिसाव्या दिवशी मोरखेड्याला गेलो. वसावे सिस्टर पन्नाशीच्या, बुटक्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. मी नाव सांगितलं.

"बोरसे म्हणजे तक्रार बंदवाले?" त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि बाई पण तुमच्याच?"

"हो."

त्यांनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, "चला. मशीन अजून इथंच आहे. कंपनीवाले सोमवारी नेणार."

डॉक्टर पावराही आल्या. तिशीच्या आतल्या. त्यांच्या क्वार्टरच्या दोन खिडक्यांना पुठ्ठे लावलेले होते. गावात त्यांना कुणी किराणा देत नव्हतं, सिस्टर आणून द्यायच्या.

यंत्राची नोंद मी वायर लावून वाचली. दोन वाजून वीस मिनिटं दहा सेकंद, दाब चढवायचा हुकूम पोचला. त्यानंतर काही नाही. चौदाव्या सेकंदाला पाठवलेला, दाब उतरवायचा हुकूम लिंकच्या रांगेत स्कॅनच्या चित्रांमागे उभा होता. तो पोचला दोन वाजून एकवीस मिनिटं दोन सेकंदांनी. बावन्न सेकंद. साठ झाले नव्हते, म्हणून भोंगा वाजला नाही. त्या बावन्न सेकंदांत, एकेचाळिसाव्याला, हाताने बदल: दाब कमी केला.

"मी हेच सांगत होते," डॉक्टर म्हणाल्या. "तिची छाती खाली येत नव्हती, सर. मला नियम माहीत होता. म्हणून मी चाळीस सेकंद थांबले." त्या भिंतीकडे बघत होत्या. "थांबायला नको होतं."

"तुम्ही थांबला नसतात तर ती वाचली असती?"

"कदाचित."

मी नोंदीची प्रत काढली, तिघांनी त्यावर सह्या केल्या. सिस्टर म्हणाल्या, "साहेब, चौथी तक्रार मी केलीच नाही. म्हटलं, परत बंदच करतील."

तिथून दिलीपच्या दुकानात गेलो. तो बेअरिंगला ग्रीस लावत बसला होता. मला बघून उठला, खुर्ची पुसली. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. तक्रारी, शेरा, तो तास, बावन्न सेकंद. त्याने हात पुसायचे थांबवले नाहीत.

"मी फोन केला तेव्हा हे तुम्हाला माहीत होतं?"

"तक्रार आली होती. मी बंद केली होती. तुझा फोन आला तेव्हा ती आठवली नाही. पडद्यावर हिरवं दिसलं आणि तुला सांगितलं."

"चार तासात पोचलो असतो, दाजी."

"हो."

"गाडी चालू होती. ड्रायव्हरने इंजिन बंद पण केलं नव्हतं."

तो बाहेर रस्त्याकडे बघत म्हणाला, "त्या पोरीच्या खिडक्या कुणी फोडल्या माहीत आहे? पहिला दगड माझा होता. आता सांगा, तो कुणावर मारायला पाहिजे होता?"

"माझ्यावर."

"सोपं करू नका," तो म्हणाला. "तुम्हाला मारून मला काय मिळणार. समितीपुढं हे सगळं असंच बोला, एक अक्षर न गाळता. अर्ज मी मागं घेतो. आणि त्यानंतर मला फोन करू नका. आईला काय सांगायचं ते मी बघतो."

नाशिकला आल्यावर देवधर मॅडमना नोंद दाखवली. त्या केंद्राच्या प्रमुख. त्यांनी दोनदा वाचली आणि दार लावून घेतलं.

"बोरसे, बाकीच्या लिंक बघितल्या?"

"बघितल्या. साठ ठिकाणी रोज असा एखादा तास आहे."

"हे समितीपुढं गेलं तर प्रतिफुप्फुस सगळीकडे बंद करतील. चौकशी होईपर्यंत वर्षभर. आत्ता या क्षणी किती रुग्ण आहेत त्याच्यावर?"

"तीनशे सात."

"त्यातले किती जगतील, बंद केलं तर?"

हा प्रश्न खोटा नव्हता. त्यांचे वडील प्रतिफुप्फुसामुळेच घरी परतले होते.

"डॉक्टर पावरांचं काय?" मी विचारलं.

"त्यांना सौम्य शिक्षा होईल असं बघते. लिंक आपण गुपचूप वाढवत जाऊ. तुम्ही दुःखात आहात. दुःखात माणूस स्वतःला शिक्षा शोधत फिरतो."

"मॅडम, शोधायला लागत नाही. शेऱ्याखाली माझं नाव आहे."

त्यांनी नोंद माझ्याकडे सरकवली. "मी तुम्हाला अडवत नाही. पण बंद झालं, तर ते मृत्यूही मोजा. सोडून देऊ नका."

समितीपुढे मी वीस मिनिटं बोललो. दिलीप मागच्या रांगेत होता. यंत्राची नोंद दिली, तिन्ही तक्रारी आणि त्यांच्यावरचे शेरे वाचले, आकडे पुसायचा नियम कुणी लिहिला तेही सांगितलं. एका सदस्याने विचारलं, "तुम्ही स्वतःविरुद्ध साक्ष देताय, कळतंय ना?" मी हो म्हणालो. दुसरे म्हणाले, "पण नियमाप्रमाणे तुमचं काहीच चुकलेलं नाही." तेही खरं होतं. मी काही नियम मोडला नव्हता. नियम मोडला होता तो डॉक्टर पावरांनी, आणि त्या खोलीत त्यांचंच बरोबर होतं.

त्या निर्दोष सुटल्या. मोरखेड्याला परत गेल्या नाहीत. दिलीप बाहेर जिन्यापाशी माझ्या शेजारून गेला. थांबला नाही.

प्रतिफुप्फुस बंद झालं नाही. समितीने सांगितलं, सुधारून चालवा. मला काढतील असं वाटलं होतं, पण दोनशे बारा लिंकची खडान्खडा माहिती असलेला दुसरा माणूस नव्हता. त्यांनी मलाच नवा नियम लिहायला बसवलं.

पाच मिनिटांऐवजी प्रत्येक सेकंद मोजायचा, हे पहिल्या ओळीत लिहिलं. काहीच पुसायचं नाही, हे दुसऱ्या. भोंगा पाच सेकंदांनी वाजवायचा आणि दाब चढवायच्या हुकुमातच तो किती वेळ ठेवायचा हे पाठवायचं, हे तिसऱ्या. चौथ्या ओळीत लिहायचं होतं की महिन्यात किती वेळ उशीर झाला तर लिंक मोठी करायची. मला शून्य लिहायचं होतं. शून्य लिहिलं तेव्हा दोनशे बाराच्या दोनशे बारा ओळी लाल झाल्या. सगळंच लाल असलं की आधी कुठे जायचं ते कळत नाही. एक मिनिट लिहिलं, एकशे चाळीस लाल. पाच मिनिटं लिहिली, त्रेसष्ट.

यंदा बेचाळीस लिंक वाढवता येणार होत्या. डोंगरातून केबल न्यायची, खांब, परवानग्या. त्याहून जास्त होत नाही.

मी पाच मिनिटं लिहिली. त्या पाच मिनिटांत कुणीतरी असणार हे मला आता माहीत होतं. खाली सही केली.

त्रेसष्टातल्या बेचाळीस निवडल्या. उरलेल्या एकवीस लिंकवरच्या मुख्य रुग्णालयांची नावं आणि त्यांची गर्दीची वेळ एका कागदावर काढली. हे काम कुणी सांगितलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीनंतर बसून पहिला फोन लावला. पलीकडे एक सिस्टर होत्या, मागे बाळ रडत होतं.

"दुपारी दोन ते तीन मशीनवर विसंबू नका," मी सांगितलं. "तुमची लाइन यंदा वाढणार नाही. तो एक तास खाटेजवळ एक माणूस उभा ठेवा, दाब हाताने उतरवता येणारा. भोंग्याची वाट बघायची नाही. तसं लेखी पाठवतो."

"रोज?"

"रोज."

"साहेब," त्या शांतपणे म्हणाल्या, "माणूस नाही म्हणूनच तर तुम्ही मशीन दिलंत ना?"

बाळ रडायचं थांबत नव्हतं. त्या म्हणाल्या, थांबा जरा, आणि रिसीव्हर टेबलावर ठेवून गेल्या. मी फोन कानाला धरून बसून राहिलो. कागदावर आणखी वीस नावं होती.